स्वैपाक करताना लहान मुलांना कसं गुंतवता? (वय सव्वा वर्ष आणि साडेतीन)

दोन_पिल्लं
नमस्कार मंडळी. रोजच्या संध्याकाळच्या स्वैपाकाबद्दल विचारायचंय. आम्ही डोंबिवलीला राहतो, मुलगा साडेतीन वर्षांचा आणि मुलगी सव्वा वर्षाची. पाळणाघरातून दोघांना घेऊन मी साडेसहाला घरी येते, नवरा लोकलने येईपर्यंत साडेआठ होतात. म्हणजे त्या दोन तासात घरात मोठं माणूस मी एकटी आणि त्यातच वरणभात, एक भाजी, आठ-दहा पोळ्या. इतके दिवस सासूबाई होत्या, त्या आता गावी गेल्यात, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, दिवाळीपर्यंत काही येत नाहीत. धाकटी माझ्या गाउनला धरून उभी राहते आणि कडेवर घे म्हणून रडते, मोठा आधी छान खेळत असतो आणि ती रडायला लागली की त्यालाही आईच पाहिजे. स्वैपाकघर सात बाय आठ, दारातून आत आलं की लगेच गॅस. मोबाईल दिला की दोघं गप्प बसतात पण मला तो द्यायचा नाहीये, मग जेवतानाही तोच लागतो. तुम्ही लोक काय करता ते सांगा ना. नवीन खेळणी नका सुचवू, घरात ढीग आहे आणि त्याला कोणी हात लावत नाही. घरातल्या वस्तूंतलंच सांगा आणि वयाप्रमाणे सांगा, कारण मोठ्याला जे देते ते धाकटी तोंडात घालते.

भाकरी_पिठलं
आधी खायला द्या, बाकी सगळं नंतर. आमच्याकडे ह्या वेळात जी रडारड व्हायची ती निम्मी भुकेची होती. पाळणाघरात चारला काहीतरी खातात आणि मग जेवण थेट साडेआठला, एवढ्याशा पोटाला ते फार होतं हो. आल्या आल्या केळं, दहीपोहे, राजगिऱ्याचा लाडू दुधात कुस्करून, उकडलेलं रताळं, जे हाताशी असेल ते. बिस्किटं नको, त्याने घटकाभर गप्प बसतात आणि जेवणाची वाट लागते ती वेगळीच. मी सकाळी डब्याबरोबर दोन वाट्या जास्तीचा मऊ भात करून, वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये टाकायचे, संध्याकाळी चांगला वाफाळेपर्यंत गरम करून तूप-मीठ-भात भरवून टाकायचे. तेच त्यांचं जेवण. साडेआठला आमच्याबरोबर ताटाशी बसून अर्धी पोळी खाल्ली तर खाल्ली, नाही तर नाही.

ओली_माती
भुकेच्या मुद्द्याला +१. पण त्याच्याही आधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं जमिनीवर बसा दोघांना घेऊन. चपला काढल्या, हातपाय धुतले की बसायचं, पर्स लांब, फोन लांब, कुकरचा विचारही नको. तुमची धाकटी गाउनला धरते तेव्हा ती खेळणं मागतच नाहीये, ती तुम्हाला मागतेय, दिवसभर आई दिसली नाहीये तिला. मग खेळण्याने ती कशी गप्प बसेल. आणि एक बघा, तिला मांडीवरून आपण उतरवायचं नाही, ती आपणहून उतरेपर्यंत थांबायचं. माझी लेक आधी गळ्यात पडायची, मग मंगळसूत्राशी खेळायची, मग मान वळवून दादा काय करतोय ते बघायची आणि मग सरकत सरकत जायची त्याच्याकडे. तशी स्वतःहून गेलेली मुलगी पुढे बराच वेळ रमते, आपण उचलून खाली ठेवलेली दोन मिनिटात परत येते. हा वेळ वाया जातोय असं वाटतं सुरुवातीला पण पुढच्या तासात तो सगळा वसूल होतो.

लोकलकर
मी बाबा आहे, दोन मुलं, बायको शिफ्टमध्ये असते त्यामुळे आठवड्यातले चार दिवस संध्याकाळ माझी एकट्याची. ताई माझं म्हणणं असं की मुलांचा प्रश्न अर्धा स्वैपाकाच्या वेळापत्रकाचा असतो. सात ते साडेआठमध्ये सगळा स्वैपाक सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायचा असेल तर कुठलंही खेळणं पुरणार नाही. मी कामं दोन ढिगात वाटली. थंड कामं म्हणजे निवडणं, सोलणं, धुणं, मळणं. गरम कामं म्हणजे फोडणी, पोळ्या, तळण, उकळतं काहीही. थंड कामं मुलांबरोबर जमिनीवर बसून करायची, त्यांना त्यातलं काहीतरी हातात द्यायचं. गरम कामं होता होईल तेवढी घरात दुसरं माणूस असतानाच करायची.

म्हणजे प्रत्यक्षात कसं, तर कणीक रात्रीच मळून डब्यात घालून फ्रिजमध्ये, संध्याकाळी आल्या आल्या बाहेर काढून ठेवायची. फरसबी, कोबी, गाजर रविवारी चिरून ठेवतो, मेथी निवडून न धुता कागदात गुंडाळून. वरण, भात आणि भाजीचे बटाटे किंवा भोपळा एकाच कुकरला तीन भांडी रचून. कुकर लावला की गॅसपाशी उभं राहायचं काम नाही, शिट्ट्या मोजत मुलांजवळ बसा. आणि पोळ्या साडेआठनंतर, तुमचे मिस्टर आले की. त्यांनी मुलांना घ्यायचं तुम्ही लाटायचं किंवा त्यांनी लाटायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण लाटणं आणि मुलं दोन्ही एकाच माणसाकडे नको. रोज पोळीच पाहिजे असंही नाही, वरणफळं आहेत, मुगाची खिचडी आहे, एका भांड्यात जेवण होतं.

दोन_पिल्लं
लोकलकर, थंड कामं आणि गरम कामं हे फारच पटलं. मी सगळंच ओट्यापाशी उभं राहून करते, खाली बसून करायचं डोक्यातच नव्हतं. पण खाली बसून भाजी निवडायला घेतली तर धाकटी सगळी पसरून टाकेल ना? आणि मोठ्याला नक्की काय काय जमेल ह्या वयात?

अंगणातली_शाळा
मी बालवाडी चालवते, गेली बरीच वर्षं ह्याच वयाच्या मुलांबरोबर आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

साडेतीन वर्षांच्या मुलाला खोटं काम दिलं की ते लगेच ओळखतं. प्लास्टिकची भाजी आणि प्लास्टिकची सुरी दिली तर थोडा वेळ खेळेल आणि सोडून देईल, पण कढीपत्त्याची खरी डहाळी दिली आणि सांगितलं की ही पानं काढून दे मला आमटीत घालायचीत, तर शेवटच्या पानापर्यंत बसेल. कारण ती पानं खरोखर आमटीत जातात आणि जेवताना आपण सांगतो की आज दादाने काढलेला कढीपत्ता आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे बालशिक्षणाचं काम केलं त्यात विकतची महागडी साधनं नव्हतीच, बिया, शिंपले, पानं, खडे ह्यांवर मुलं शिकायची. माँटेसरी पद्धतीतही ओतणं, चमच्याने एका भांड्यातून दुसऱ्यात घालणं, पुसणं, सोलणं ही रोजची कामं मुलांच्या सरावासाठी मुद्दाम ठेवलेली असतात. आपल्या स्वैपाकघरात ते सगळं आयतं आहे.

तुमच्या मोठ्यासाठी. मटार सोलणं ह्या वयाला छान जमतं, फक्त शेंगेचं टोक आपण मोडून द्यायचं, पुढे तो अंगठ्याने उघडतो. लसूण कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून द्या, साल हाताने सुटते. कोथिंबिरीची पानं खुडणं, फ्लॉवरचे तुरे हाताने मोडणं, उकडलेल्या बटाट्याची सालं काढणं (गार झालेला), पिकलं केळं बिनधारेच्या सुरीने कापणं. आणि कणीक. त्याला स्वतःचा गोळा द्या, थोडं तेल लावून, छोटं पोळपाट-लाटणं असेल तर उत्तम, नसेल तर उपडं ताट आणि पेला. वाटीने गोल कापायचे, काट्याने टोचायचं, चिमणी करायची. त्याने लाटलेली पोळी कितीही वाकडी असू दे, गरम तव्यावर आपण भाजून त्याच्या ताटात वाढायचीच. कच्ची मात्र खाऊ द्यायची नाही, पीठ कच्चं असतं, त्याने पोट बिघडू शकतं. इंटरनेटवर मिठाच्या पिठाची खेळणी दाखवतात ती धाकटी घरात असताना करूच नका, त्यात मीठ इतकं असतं की लहान मुलाच्या पोटात गेलं तर धोक्याचं आहे.

धाकटीसाठी वेगळा विचार. सव्वा वर्षाच्या मुलीला काही बनवायचं नसतं, तिला भरायचं, ओतायचं, आपटायचं आणि झाकण लावायचं असतं. ओट्याखालचा एक कप्पा तिच्या नावाने करून टाका, गॅसपासून सगळ्यात लांबचा. त्यात स्टीलच्या वाट्या, मोठी पळी, पुरणाची चाळण, प्लास्टिकचे झाकणवाले डबे, लाकडी लाटणं. काच नको, धारेचं नको, मुठीत मावून तोंडात पूर्ण जाईल असं काहीही नको. चार-पाच वस्तूच ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी एखादी बदला. एका डब्यात जुन्या ओढणीचं एक टोक झाकणाच्या फटीतून बाहेर काढून द्या, ती ओढत बसते, संपली की आपण परत कोंबून द्यायची. भाजी निवडताना तिच्यापुढे एक परात आणि मेथीच्या नुसत्या काड्या ठेवा. पसरेल, पसरू द्या, खाली जुनी चादर घाला आणि शेवटी चार कोपरे धरून उचला.

आणि पसारा आवरणं हाही खेळच आहे. सव्वा वर्षाची मुलगी वाटीत वाटी घालते ती तुम्ही शिकवायच्या आधीपासून.

कढईतला_कढ
ताई, ओढणीची आयडिया आजच करणार. माझा दीड वर्षाचा मुलगा टिश्यूचा डबा रिकामा करतो रोज.

विदर्भाची_लेक
आमच्या घरी दोन पोट्टे आहेत, चार आणि दोन वर्षांचे, घर जुनं आहे माझ्या सासरचं, सगळीकडे शहाबादी फरशी. मी काय करते की स्वैपाकघराच्या दाराबाहेर दोघांना रंगवायचे जुने ब्रश आणि एका वाटीत बोटभर पाणी देते. शहाबादीवर पाणी लागलं की ती काळीशार होते, त्यामुळे चित्र एकदम उठून दिसतं आणि वाळलं की गायब, परत कोरी पाटी. मोठा गाडी काढतो, ती अर्धी व्हायच्या आत चाक वाळून जातं की तो पुन्हा तिथून सुरू. कपडे ओले होतात तेवढेच, रंग नाही डाग नाही. उन्हाळ्यात तर त्यांना बरंच वाटतं. तुमच्याकडे पांढऱ्या टाइल्स असतील तर ओल्या फडक्याने फरशी पुसायला द्या, तेही तितकंच आवडते त्यांना. फक्त पाणी वाटीतच, बादली भरून जवळ ठेवायची नाही.

वॉर्डातली_ताई
विदर्भाची लेक, बादलीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. धडपडत चालणारं मूल बादलीत डोकं खाली करून पडलं तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही, वितभर पाणीही पुरतं. संध्याकाळी मोरीतल्या, बाथरूममधल्या बादल्या उपड्या आणि दार बंद.

मी भाजलेल्या पेशंटच्या वॉर्डात काम करते म्हणून थोडं लिहिते, कोणाला घाबरवायचं नाहीये. आमच्याकडे येणारी लहान मुलं बहुतेक ज्वाळेने भाजलेली नसतात, सांडलेल्या गरम पदार्थाने भाजलेली असतात. चहा, वरण, आंघोळीचं पाणी, आणि आपल्याकडे खाली बसून वाढायची पद्धत आहे त्यामुळे जमिनीवर उतरवून ठेवलेलं पातेलं. कुकर, कढई, आमटी कधीही जमिनीवर उतरवायची नाही, मूल झोपलंय असं वाटत असलं तरी नाही. कढईचे दांडे, तव्याची मूठ आत भिंतीकडे वळवायची. दोन शेगड्या मागेपुढे असतील तर उकळतं ते मागच्या शेगडीवर. टेबलावर टेबलक्लॉथ घालू नका, मूल टोक ओढतं आणि वरचं सगळं अंगावर येतं. मिक्सर, केटलीची वायर लोंबती नको. मूल कडेवर घेऊन फोडणी अजिबात नाही, पोटाशी बांधायची झोळी घालूनही नाही, तेल उडतं ते आधी मुलाच्याच हातावर.

जमिनीवर गॅसपासून ३ फुटावर खडूने किंवा रंगीत चिकटपट्टीने एक रेघ मारून घ्या, साडेतीन वर्षांच्या मुलाला ही रेघ नीट समजते आणि तो बहिणीलाही सांगतो. बहीण ऐकेलच असं नाही, तिच्यासाठी अडसरच हवा.

आणि भाजलंच तर. लगेच नळाखाली, साध्या वाहत्या पाण्याखाली, २० मिनिटं. फक्त भाजलेला भाग पाण्याखाली, बाकीचं अंग कोरड्या पांघरुणात, लहान मूल पटकन गारठतं. त्या भागावरचे कपडे, बांगडी, काळा दोरा काढून टाका, कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तूप, हळद, शाई काहीही नाही, ते सगळं आम्हाला नंतर खरवडून काढावं लागतं आणि मूल किंचाळतं हो. मग स्वच्छ ओलसर कपडा सैल झाकून दवाखान्यात. जास्त असेल तर १०८ ला फोन करा.

दोन_पिल्लं
वॉर्डातली ताई, खूप खूप आभार. पातेलं खाली उतरवायची सवय आमच्याकडे सगळ्यांनाच आहे, आजच घरात सांगते. अजून एक विचारते, शाळावाल्या ताईंनी ओतण्याचा खेळ सांगितला, तर मोठ्याला राजमा किंवा हरभरे दोन वाट्यांत ओतायला दिले तर चालतील का?

वॉर्डातली_ताई
धाकटी रांगत-चालत त्याच खोलीत असेल तर नाही. हरभरा, शेंगदाणा, चिंचोका हे तिच्या श्वासनलिकेत अडकायच्या मापाचे आहेत. अख्खे शेंगदाणे तर खायला म्हणूनही ४-५ वर्षांपर्यंत देऊ नका, कूट द्या. सोललेला मटारही तिच्या हाती लागू द्यायचा नाही, मोठा सोलत असेल तेव्हा तुम्ही दोघांच्या मधे बसा. आणि मोठी मुलं नाकात, कानात घालतात. कडधान्य नाकात ओलं होऊन फुगतं म्हणून ते जास्त त्रासाचं. गेलं तर पिन, चिमटा घालून काढायचा प्रयत्न नको, आत सरकतं, सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. ओतायचं असेल तर पाणी द्या किंवा मोठे शंख-शिंपले, अक्रोड सालीसकट.

म्युनिकची_मैना
आम्ही जर्मनीत, दोघंही नोकरी, हाताखाली कोणी नाही. संध्याकाळी इथे सहा म्हणजे भारतात साडेनऊ-साडेदहा, त्यामुळे आजी-आजोबा जेवून निवांत बसलेले असतात. टॅब खिडकीत उभा करून ठेवते आणि आजी तिकडून नातवाला अक्षरशः सांभाळते. त्याला लाल वस्तू आणायला सांगते, उशी लपवायला सांगते, तो धावतो, दाखवतो, पुन्हा धावतो. मराठी बोलायला त्याचा सगळ्यात जास्त सराव ह्याच वेळात होतो. तुमच्या सासूबाई गावी आहेत तर त्यांना रोज ठरलेल्या वेळी करा ना व्हिडिओ कॉल, त्यांनाही बरं वाटेल.

इथे मुलाला ओट्याच्या उंचीवर उभं राहता येईल असं कठड्याचं लाकडी स्टूल मिळतं, लर्निंग टॉवर म्हणतात, तिन्ही बाजूंनी बंद असतं. आम्ही ते सिंकपाशी लावतो, शेगडीपाशी नाही. तांदूळ धुणं हे त्याचं काम. तीन पाण्याने धुवायचे म्हटलं की तो पाच पाण्याने धुतो.

सहज_सुचलं
मी थोडं वेगळं मत मांडते. दिवसभर नोकरी करून आलेल्या बाईने संध्याकाळी वीस मिनिटं कार्टून लावलं तर त्यात इतकं काही वाईट नाही. मी एकटीने मुलगा वाढवलाय, पोळ्या करताना तो टीव्ही बघायचा आणि मला त्या वेळी तो कुठे आहे हे नक्की माहीत असायचं. गरम तेलाजवळ घुटमळणाऱ्या मुलापेक्षा टीव्हीसमोर बसलेलं मूल मला चालेल. आयांना आधीच इतकं ऐकावं लागतं, ह्यावरून अजून कोणाला अपराधी वाटायला नको.

अंगणातली_शाळा
सहज_सुचलं, तुमचं पटतं, सुरक्षितता पहिली. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०२१ साली सांगितलंय की २ वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, आणि २ ते ५ वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चंही साधारण तसंच आहे. म्हणजे ह्यांच्या मोठ्याला वीस मिनिटं बसतात त्यात. अडचण धाकटीची, ती त्याच खोलीत असणार. म्हणून लावायचंच असेल तर मोबाईल हातात देण्यापेक्षा टीव्ही, लांबून, एक भाग संपला की बंद, आणि ते फक्त गरम कामाच्या वेळात. ताट वाढायच्या बऱ्याच आधी बंद झालेला असला म्हणजे जेवताना मागत नाहीत.

सहज_सुचलं
हो, हे मान्य. जेवताना मीही कधी लावला नाही.

नारळीपोफळी
सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी भातुकली अजून मिळते, जातं, चूल, पाटा-वरवंटा सगळं. धाकटी तोंडात घालणारी असेल तर बिनरंगाची मागा. ताईंनी खेळणी नको म्हटलंय पण भातुकली खऱ्या स्वैपाकाच्या शेजारी मांडली तर चालते हा आमचा अनुभव, कपाटात ठेवली तर पडून राहते.

बिरड्याची_उसळ
अगं बाळा, मी आता साठी ओलांडलेली आजी आहे, रायगड जिल्ह्यातली. आमच्याकडे लहान मुलांचं हक्काचं काम म्हणजे बिरडं सोलणं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालायचे, साल सैल होते, मग बुडाशी चिमटीत धरून दाबलं की डाळिंबी टुणकन सालीतून बाहेर उडते. ती उडते म्हणूनच मुलं बसतात गं. कोणाची लांब जाते, कोणाची वाटीत पडते, सगळी नातवंडं गोल करून बसतात आणि अर्धा किलो वाल कधी सोलून होतात कळत नाही. तुझा साडेतीन वर्षांचा नक्की करेल, पहिले चार-पाच तू दाखव. धाकटी झोपलेली असेल तेव्हाच मात्र, त्या नर्सताई म्हणतात ते खरंय, डाळिंबी तिच्या घशाच्या मापाची आहे.

आणि बोलत राहा. हात कामात आणि तोंडाने गोष्ट, हे आम्ही सगळ्यांनी केलंय. मुलाच्या नावाचाच एक मुलगा करायचा, तो डोंबिवलीहून गाडीत बसतो आणि प्रत्येक स्टेशनवर त्याला कोणीतरी भेटतं. ठाकुर्लीला मांजर, कल्याणला हत्ती. कुकरची शिट्टी झाली की गाडी सुटली. माझा नातू शिट्टीला घाबरायचा, पण गाडी सुटायची म्हटल्यावर शिट्टीची वाट बघायला लागला. मिक्सर लावायच्या आधीही सांगायचं, आता घर्रर्र होणार, कान झाक. आईचा आवाज येत राहिला की मुलं पलीकडच्या खोलीतही बसतात, आवाज थांबला की शोधत येतात.

दोन_पिल्लं
आजी, ठाकुर्लीचं मांजर सुपरहिट झालं, आता रोज तीच गोष्ट लागते आणि मांजर रोज काहीतरी वेगळं खातं. कढीपत्ता, मटार चालू केलेत. धाकटीला तिचा कप्पा सापडलाय, चाळण सोडत नाही. पोळ्या नऊच्या आत-बाहेर होतात आता पण नवरा घरात असतो त्यामुळे घाई नाही. एकच राहिलं, अडसर. दार साधं चौकटीचं आहे, स्वैपाकघराला कवाड नाही, आणि घर भाड्याचं आहे त्यामुळे मालक भोकं पाडू देणार नाहीत. मुलांना अडवायला दारात बसवायची बाजारातली जाळी घ्यावी का? आमच्या शेजारच्या म्हणतात की त्यापेक्षा धाकटीला वॉकरमध्ये बसव म्हणजे ती फिरत राहील.

वॉर्डातली_ताई
वॉकर नको. वॉकरमध्ये मूल क्षणात गॅसपर्यंत पोचतं आणि उंचीही मिळते, वरचं ओढता येतं. कॅनडात २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे.

लोकलकर
भोकं न पाडता बसणारी जाळी मिळते, दोन्ही बाजूंना रबरी बुडं असतात आणि ती फिरवून चौकटीत ताठ बसवायची. घ्यायच्या आधी चौकटीची आतली रुंदी खाली आणि वर दोन्हीकडे मोजा, जुन्या इमारतीत चौकट वर-खाली सारखी नसते आणि मग एका कोपऱ्यात ढिली राहते. बसवल्यावर स्वतः गुडघ्याने जोरात ढकलून बघा, दर आठवड्याला बुडं पुन्हा आवळा. आडव्या दांड्यांची घेऊ नका, मोठा त्यावर शिडीसारखा चढेल, उभ्या दांड्यांची घ्या. खाली एक आडवी पट्टी येते त्यात आपलाच पाय अडकतो, हातात गरम पातेलं असताना ती ओलांडायची नाही, तेवढं लक्षात ठेवा. पोळ्यांचा डबा, वरण सगळं आधी ओट्यावर मांडून घ्यायचं, जाळी उघडून बाजूला करायची, आणि मग कोणीतरी धाकटीला धरलं की एकेक करून टेबलावर न्यायचं. रुंदी मोजलीत की इथे लिहा, कुठली बसेल ते सांगतो.

दोन_पिल्लं
खाली साडेएकोणतीस इंच, वर तीस.

लोकलकर
मग अर्ध्या इंचाचा फरक आहे, तरी चालेल, बुडं तेवढी पुढे येतात. वरच्या बाजूला चौकट आणि रबराच्या मधे पुठ्ठा घालू नका, सटकतो, त्याच्या पाकिटात गोल चकत्या येतात त्याच दोन बाजूच्या टेपने चिकटवा. तीस इंचापर्यंत बसणारी घेऊ नका, तेहतीसपर्यंतची घ्या म्हणजे स्क्रू शेवटपर्यंत बाहेर काढावा लागणार नाही.